शाळा बघायला गेलो तर गावच जागेवर नव्हतं

"मी बघायला येते. राहायला नाही." गाडीत बसायच्या आधीच सईनं हे जाहीर केलं आणि मागच्या सीटवर उशी घेऊन आडवी झाली. आमच्या सिंधुदुर्ग सहलीची सुरुवात ही अशी. समुद्र, किल्ला, बोटीतले फोटो शोधत इथं आला असाल तर आधीच सांगते, आम्ही गेलो होतो शाळा शोधायला.

झालं असं की माझा नवरा महेश सरकारी नोकर, आणि गेल्या जूनमध्ये त्याची बदली ओरोसला झाली. कागदावर सिंधुदुर्गनगरी, पण बोलताना सगळे ओरोसच म्हणतात. तेव्हापासून तो तिकडे क्वार्टरमध्ये, मी आणि सई इकडे कोल्हापुरात. सई सातवीत. एवढ्याशा आयुष्यात सोलापूर, कराड, चंदगड आणि कोल्हापूर अशा चार शाळा झाल्या तिच्या. पाचवी नको, असं तिनं स्पष्ट सांगितलं होतं. "तुम्ही जा, मी दहावीपर्यंत मावशीकडे राहते." मावशी म्हणजे माझी धाकटी बहीण, ती तर एका पायावर तयार. तिनं खोलीही रिकामी करून ठेवली.

म्हणजे सईला पटेल असं हायस्कूल मिळालं तर एक घर, नाहीतर नवरा घाटाखाली, लेक बहिणीकडे आणि मी एसटीत. मला हे अजिबात सोसणारं नव्हतं. नाताळाची सुट्टी तिच्या इंग्रजी शाळेला होती, तिकडच्या मराठी शाळा चालू होत्या, म्हणून म्हटलं, एकदा जाऊन डोळ्यांनी बघू तरी. महेश आम्हाला न्यायला आदल्या दिवशीच गाडी घेऊन आला होता.

कोल्हापूरहून जाणाऱ्यांसाठी एक सूचना. करूळ घाट चालू आहे का ते निघायच्या आधी विचारून घ्या, नाहीतर सरळ फोंडा घाट धरा. आम्हाला करूळ मिळाला. गगनबावड्याला धुकं इतकं की महेश काचेला नाक लावून गाडी चालवत होता आणि मी देवाचं नाव घेत होते. वैभववाडीत उतरलो तर लख्ख ऊन. स्टँडजवळ काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या खाल्ल्या. तिघांचं पोट दीडशे-दोनशेत भरतं, आणि उसळ संपली की हॉटेलवाला सरळ फळी ओढतो, तेव्हा सकाळीच पोचा.

पहिली शाळा कणकवलीत. इमारत मोठी, मैदान मोठं, आणि दारातच दहावीच्या गुणवंतांचे फोटो भिंतभर. मुख्याध्यापक अगदी सज्जन होते, पण आमच्याशी बोलताना त्यांची नजर सारखी सईच्या प्रगतिपुस्तकावर. बाहेर आलो तर एका पालकबाईंनी न विचारताच सांगितलं की शाळा चांगलीच आहे, पण संध्याकाळचे क्लास लावल्याशिवाय इथं कोणी राहत नाही. सई काहीच बोलली नाही. ती काहीच बोलत नाही तेव्हा उत्तर 'नाही' असतं, एवढं आई म्हणून कळतं मला.

मुक्काम महेशच्या क्वार्टरमध्ये. ओरोस म्हणजे रुंद रस्ते, झाडं, कचेऱ्या. दिवसा गजबज, आणि साडेसहानंतर हाक मारली तर ओ द्यायला माणूस नाही. सगळे आपापल्या एसटीनं कुडाळला, कणकवलीला, गावाला. स्वस्त आणि सोयीचं म्हणाल तर हेच, नवरा चालत ऑफिसला जाईल. समोरच्या अंगणात दोन मुली बॅडमिंटन खेळत होत्या, मी सईला ढकललंच. अर्ध्या तासात परत आली. म्हणाली, "त्या पण बदलीवाल्याच आहेत. एक मे महिन्यात जाणार, दुसरीला माहीत नाही." पोरीनं एका वाक्यात ओरोस निकालात काढलं, आणि मला उलट बोलायला जागाच ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी कुडाळ. खरं सांगू, कुडाळवर माझा जीव जडला होता. रेल्वे स्टेशन, बाजार, दवाखाने, शाळा चांगल्या, ओरोस जवळ. नोकरी ओरोसला असणाऱ्या कुटुंबांनी आधी कुडाळच बघावं, हे मी अजूनही सांगीन. पण शाळेत आठवीच्या तुकड्या भरलेल्या, जूनमध्ये बघू म्हणाले, आणि वर्गाच्या दारात उभ्या असलेल्या सईकडे साठ डोळे वळले तशी ती माझ्या मागे सरकली. तेरा वर्षांची पोर, माझ्या खांद्याला आली आहे, आणि माझी ओढणी धरून मागे. पुढे सावंतवाडीला गेलो, तलावाकाठी भेळ खाल्ली, गाव देखणं आहे यात वाद नाही, पण रोजच्या जाण्यायेण्याला लांब. महेशच्या ऑफिसातल्या कोणी दोडामार्गही सुचवलं होतं. ते गोव्यात नोकरी असणाऱ्यांना ठीक, आमची वरात उलटीच निघाली असती.

त्या संध्याकाळी माझं आणि महेशचं वाजलं. तो म्हणाला, राहू दे तिला मावशीकडे, तीन वर्षं हां हां म्हणता जातील. मी म्हटलं, तुझी जातील.

तिसरा दिवस परतीचा. एकच ठिकाण उरलं होतं. महेशच्या ऑफिसातले एक जण मालवणच्या बाजूच्या एका गावातून रोज कसालमार्गे ओरोसला येतात. सकाळची एसटी अशा नोकरदारांनीच भरलेली असते म्हणे. त्यांनी सांगितलं होतं, आमचं हायस्कूल बघाच, आणि राहायला बाबलकाकांच्या मुलाचं घर रिकामं आहे. मुलगा मुंबईत, घर बांधून ठेवलेलं. महेशनं बाबलकाकांना आठवड्यापूर्वीच फोन केला होता. ते म्हणाले होते, "कधीय येवा, आमी आसाव."

गेलो. रस्ता छान, दोन्हीकडे काजू आणि माड. गावात शिरलो आणि पहिल्यांदा गंमत वाटली, मग कसंतरीच. बाबलकाकांचं घर, शेजारचं मुलाचं घर, सगळीकडे दारं बंद. अंगणं झाडलेली, पण माणूस नाही. गोठे रिकामे. कोंबडी नाही, कुत्रं नाही. भर सकाळी दहा वाजता हायस्कूलला कुलूप. माझी तर पाचावर धारण बसली. काय झालं असेल ते सुचेना, आणि महेशच्या फोनला रेंज येईना. सई तेवढी खिडकीतून डोकं काढून बघत होती. म्हणाली, "आई, सगळे कुठे गेले?" तीन दिवसांत तिनं स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

गावाबाहेर आल्यावर फोन लागला. पलीकडून बाबलकाका हसत होते. "तुमी घराकडे कित्या गेलास? आमी न्हंयच्या पलीकडे आसाव. गावपळण ना आमची! माका वाटला, तुमका म्हायत आसतला."

मी कपाळाला हात लावला. तर वाचकहो, तुम्हालाही माहीत नसेल म्हणून सांगते. या बाजूच्या काही गावांत दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घेऊन अख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. गुरं, कोंबड्या, कुत्री, तान्ही पोरं, म्हातारीकोतारी, सगळी. मागे कोणी म्हणजे कोणी राहायचं नाही. झावळ्यांच्या खोपी बांधतात, तिथंच चुली, तिथंच भजनं. त्यांच्या लेखी ही गोष्ट सगळ्या जगाला ठाऊक. सोयरेधायरे भेटायला येतात ते वेशीबाहेरच, मग कोल्हापूरचा पाहुणा सरळ घरी जाईल, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. महेशचे ऑफिसवाले गृहस्थसुद्धा याच्यासाठीच रजेवर होते, आणि त्यांनीही अवाक्षर काढलं नव्हतं. मी एरवी तोंडसुख घेतलं असतं, पण इतकं हसू आलं की राग राहिलाच नाही.

नदीवरचा पूल ओलांडला आणि समोर जत्राच. बाबलकाका सत्तरीचे, कमरेला पंचा, तोंडभर हसू. आम्ही गावात जाऊन आलो हे कळल्यावर ते जरा गंभीर झाले. गावाच्या दिशेला तोंड करून त्यांनी हात जोडले आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं की ही नवी माणसं आहेत, अजाण आहेत, पोरीच्या शिक्षणासाठी आली आहेत, चुकलंमाकलं पदरात घे आणि त्यांचं काम कर. आजूबाजूचे दहा-बारा जण एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा." मी काही फार देवभोळी नाही, पण आमच्या सईची काळजी अशी परक्या माणसांनी मोठ्यानं वाटून घेतली आणि माझे डोळे भरून आले.

आणि शाळा? शाळा आंब्याखाली भरलेली. शेजारच्या फणसाच्या बुंध्याला फळा बांधलेला, दहावीची पोरं चटईवर बसून भूमिती करत होती. मुख्याध्यापिका साडीचा पदर खोचून शिकवता शिकवताच तिसऱ्या खोपीतल्या बाळाला गप्प करायला सांगत होत्या. मला म्हणाल्या, "बोर्डाची परीक्षा आमच्यासाठी थांबत नाही हो. गाव बाहेर तर शाळा बाहेर." प्रवेशाचं विचारलं तर दाखला, गुणपत्रक, बास. आठवीला सेमी इंग्रजी आहे, विज्ञानाचे सर ओरोसहून येतात आणि क्लास कोणी लावत नाही, कारण शाळा सुटल्यावर त्या स्वतःच अडलेल्यांना बसवून घेतात. मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्यांनी सरळ उत्तर दिलं. प्रयोगशाळा यथातथाच आहे, हेही सांगितलं.

जेवायचा आग्रह होताच. बाबलकाकूंनी मला कांदे चिरायला बसवलं. कुळथाची पिठी, भात आणि सुक्या बांगड्याची खोबरं घातलेली किसमूर. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेली मी, पण त्या दिवशी दोनदा भात घेतला. सई काकांच्या नातीबरोबर, तन्वीबरोबर, माझ्या पाठीमागेच बसून वाटाणे सोलत होती. तन्वीही सातवीत. सई तिला आपल्या चार शाळांची कर्मकहाणी सांगत होती. मी कान तिकडेच लावले होते.

तन्वीनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "मगे तुझ्या वांगडा कोण गेला?"

'वांगडा' म्हणजे सोबत. सईला अर्थ लागला. म्हणाली, "कोणी नाही. मी एकटीच."

"एकटीक कित्या धाडतत?" एकटीला का पाठवतात, हे तन्वीला खरोखरच कळेना. गाव हलतो तर सगळे हलतात, एवढंच तिला माहीत.

सई पुन्हा वाटाणे सोलायला लागली. आम्ही दोघं तर तिला आणखी एकदा एकटी ठेवायच्या गोष्टी करत होतो, आणि तीही शहाण्यासारखी हो म्हणत होती. कांद्याच्या निमित्तानं मी डोळे पुसून घेतले.

घर आतून बघता आलं नाही, कारण गावात पाऊल टाकायचं नाही. काका म्हणाले, "माणसां जातत भायर, घर खंय जाता?" बाहेरून बघितलंच होतं, कौलं नीट, विहीर जवळ, भाडं कुडाळच्या निम्मं. पण मी होही म्हटलं नाही आणि नाहीही. ठरवायचं माझ्या हातात नव्हतंच.

परतताना महेशला ओरोसला सोडलं. क्वार्टरच्या दारात उभा राहून तो हात हलवत होता आणि सई वळून मागच्या काचेतून दिसेनासा होईपर्यंत बघत होती. फोंडा घाटानं मी एकटीनं गाडी आणली, हे जाता जाता नवऱ्यानं वाचावं म्हणून लिहिते. सई घाटभर गप्प. या वेळी तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मला लागेना.

घरी येऊन बॅगा टेकवतोय तोच मावशीचा फोन. पलंग आला, चादर कुठल्या रंगाची आणू? मी काही बोलायच्या आत सईनं फोन घेतला. "मावशी, मी नाही राहत तुझ्याकडे. सुट्टीत येईन. आम्ही तिघं जातोय तन्वीच्या गावाला." तिकडून मावशीचं काहीतरी चाललं होतं, ती ऐकत होती, हूं हूं म्हणत होती. मी तिथंच बॅगेवर बसले. सहा महिन्यांनी माझा जीव भांड्यात पडला, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

शाळा शोधणाऱ्यांना आता मी काय सांगू? निकाल बघा, अंतर बघा, एसटीच्या वेळा बघा, सगळं बघा. आम्हीही बघितलं होतं. पण आमची पोर शाळेला नाही म्हणत नव्हती. ती पहिल्या दिवसाला नाही म्हणत होती. गेटापाशी आम्ही तिला सोडायचो, एक सामानाच्या ट्रककडे आणि एक ऑफिसकडे पळायचो, आणि ती आत जायची. हे तिनं फोन ठेवल्यावर सांगितलं, न रडता, न भांडता, अगदी व्यवहाराचं बोलल्यासारखं. तिची अट एकच. "पहिल्या दिवशी तिघांनी जायचं. गेटपर्यंत नाही, वर्गात. मी बसेपर्यंत."

मी म्हटलं, कबूल.

"मग बाबाला सांग, जूनची रजा आत्ताच टाक."