हवेचा गज

आमचे इंचमास्तर कुणालाही ‘कसं काय?’ असं विचारत नसत. ‘आज किती इंच?’ असं विचारत. हेडमास्तर चिडलेले असले की ‘आज एकतीसवर आहेत, तिकडं फिरकू नका’ असा निरोप आमच्यापर्यंत आधीच पोचलेला असे. निजामाच्या अमलात धाराशिवच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे आणि मी मराठी. दोघं एकाच खोलीत राहायचो, त्यामुळे सकाळी डोळे उघडायच्या आत माझेही इंच विचारून होत.

हे इंच पाऱ्याचे. हवेचा दाब नळीतला पारा जितका वर उचलून धरतो, तितके इंच. “पुस्तकात तीस लिहिलंय, पण ते समुद्राकाठच्या लोकांसाठी,” मास्तर सांगत. “आपण बालाघाटावर राहतो. आपल्याला अठ्ठावीसच. मुंबईच्या माणसापेक्षा आपल्यावर दोन इंच ओझं कमी, मग तोंड पाडून कशाला बसायचं?” मी भाकरी करपवली तरी हा माणूस ती गुणगुणत खायचा. मला त्याचा रागच यायचा कधीकधी.

शाळेत शिकवायचं उर्दूतून. एकदा मास्तर रंगात येऊन वर्गात म्हणाले, “हम सब पर दबाव है!” नेमके तेव्हाच रस्त्यावरून पोलिसांचे अमीनसाहेब चालले होते. दिवस संशयाचे. ते तडक वर्गात शिरले.

“किसका दबाव?”

“हवा का, हुजूर. आप पर भी है. अठ्ठाईस इंच.”

अमीनसाहेब मिशीत हसले आणि निघून गेले. गोष्ट मात्र गावभर झाली, आणि नळदुर्गला पोचेपर्यंत तिचं ‘तो मास्तर वजन इंचानं मोजतो’ असं होऊन बसलं.

नेमकी तिथंच ती पोचायला नको होती. नळदुर्गचे कापडवाले अप्पा आपली शिवगंगा मास्तरांना द्यायच्या विचारात होते. तिला जत्रेत पाहिल्यापासून मास्तर नुसते हवेत होते. अप्पांचं बोलावणं आलं तेव्हा पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरलेला दिसला. मी सोबत गेलो.

अप्पा दुकानात गादीवर बसले होते, हातात लोखंडी गज. “मास्तर, वजन शेरात, कापड गजात. आमच्या पिढ्या गेल्या ह्यात. वजन इंचात मोजनाऱ्याला पोरगी कशी द्यावी, तुमीच सांगा.” आतून बायकांची कानडीत कुजबुज ऐकू येत होती.

मास्तरांनी पाण्यानं काठोकाठ भरलेलं फुलपात्र मागवलं. कापडाच्या ताग्यातला पुठ्ठा त्यावर दाबला आणि ते थेट नव्या इरकली लुगड्यांच्या थप्पीवर उलटं धरलं. पुठ्ठ्याखालचा हात काढून घेतला. माझा जीव टांगणीला! पण थेंब गळला नाही.

“कोन धरलंय वो ते?” अप्पा दचकून म्हणाले.

“हवेनं. तीच नळीतला पाराही धरते. तो किती उंच चढला, तेवढंच मी मोजतो.”

अप्पांनी हातातल्या गजाकडं पाहिलं. “म्हंजी हवेचा गज! असं सांगा की मग!”

तेवढ्यात दाराआडून शिवगंगेचा आवाज आला, “अन् पारा न्हाय मिळाला तर? पान्यानं मोजता येत न्हाय का?”

“येतं,” मास्तर अडखळत म्हणाले. “पण पाणी हलकं असतं. नळी बत्तीस फूट लागेल.”

“मग किल्ल्यातल्या उपळ्या बुरजावरून सोडा की!”

अप्पा गदगदून हसले. “लई झालं. ह्या दोघांचं कापड एकाच ताग्यातलं हाय.”

लग्न झालं. मी दुसरी खोली पाहिली, पण जेवायला त्यांच्याकडंच असायचो. म्हातारपणी डॉक्टरांनी मास्तरांच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब एकशे साठ सांगितला, तर वहिनी म्हणाल्या, “पाऱ्याचे मिलिमीटर का? म्हंजी सव्वासहा इंच. एवढंसं तर हाय!” पुढं किती वर्षं दोघं त्यावर हसत होते.

मास्तर गेले तेव्हा मी भेटायला गेलो. सवयीनं तोंडून निघून गेलं, “वहिनी, आज किती इंच?”

त्या थोडं हसल्या. मग डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, “आज ओझं पुरतं तीस इंच झालं बगा, भावजी.”