दीड स्टार म्हणजे जायचंच

सांगलीच्या एका दैनिकात मी बरीच वर्षं दर शनिवारी सिनेमाची परीक्षणं लिहितो. लेख आला की बायको तो साताऱ्याला माहेरच्या ग्रुपवर टाकते. लगेच सासूबाईंचे आणि मेहुण्याचे जोडलेले हात येतात. इतके निष्ठावान वाचक मला सांगलीतही मिळाले नाहीत, असं मी मनाशी धरून होतो.

गेल्या पाडव्याला आम्ही साताऱ्याला पोचलो, तर घरात सगळे बाहेर पडायच्या तयारीत.

"दाजी, चला, पिक्चरला जायाचंय. तिकिटं काढल्यात," मेहुणा म्हणाला. तो फौजेतून निवृत्त झालेला. त्याचं आमंत्रणही हुकमासारखंच असतं.

कुठला सिनेमा ते कळलं आणि माझा चेहरा पडला. त्याच आठवड्यात मी त्याला दीड स्टार दिला होता. 'ढोबळ विनोदांची जत्रा' असं म्हटलं होतं.

"माझा लेख वाचला नाहीस का?"

"वाचला की! तवाच तर तिकिटं काढली."

मेहुण्याची बायको पदर तोंडात धरून आत पळाली. माझी बायको चपला शोधू लागली, त्या तिच्या पायातच होत्या.

गाडीत मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा मेहुणा सुटला. "तुमच्या चार स्टारच्या पिक्चरला आमी एकदाच गेलो, दाजी. आई झोपली. मी बायकूला इचारतोय, मेलं कोण? ती म्हणती, मला वाटलं तुमाला कळलंय. तवापास्नं ठरलंय. दीड म्हंजे जायाचंच. चार म्हंजे घरात बसायचं."

"गप रं!" सासूबाई ओरडल्या. "पावण्यांच्या तोंडावर आसं बोलत्यात व्हय?" मग माझ्याकडे वळून समजुतीनं म्हणाल्या, "पर तुमचं कवा चुकत न्हाई बरं का, पावणं."

मी हसल्यासारखं केलं. राग आला नव्हता; भीती वाटत होती. कारण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. हा सिनेमा मी पुण्याला समीक्षकांच्या खास खेळात पाहिला होता. त्यात उपास धरलेला एक मामा जिलब्या फेट्यात लपवतो, आणि वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला वाकतो तसा पाक त्याच्या कपाळावरून ओघळू लागतो. मला इतकं हसू फुटलं की मी रुमाल दातांत धरला. शेजारचे सगळे गंभीर होते. सांगलीहून आलेला हा गडी कशालाही हसतो, असं त्यांना वाटू नये, एवढ्यासाठी मी तो दीड स्टार दिला. आणि आता तोच मामा येणार होता, सासूबाई शेजारी असताना.

मामा आला. मी पडद्यावरच्या मांडवाच्या झालरी पाहू लागलो. मामा वाकला. पहिला थेंब भुवईवर आला. सासूबाई पदरात तोंड खुपसून गदागदा हलत होत्या, त्यांच्याबरोबर माझी खुर्चीही हलत होती. थेंब ओघळत ओठापर्यंत आला, मामानं हळूच जीभ बाहेर काढून तो टिपला, आणि माझ्या नाकातून घोड्यासारखा आवाज निघाला.

"आयला, दाजी हसलं!" मेहुणा अंधारात ओरडला. पुढच्या रांगेतली माणसंही वळून पाहू लागली. मग मला आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढावा लागला. इतक्या वर्षांत थिएटरात मी असा मोकळा कधी झालो नव्हतो.

मध्यंतरात सासूबाईंनी वडा हातात दिला आणि विचारलं, "आता खरं सांगा पावणं, किती स्टार?"

"साडेतीन," मी म्हणालो. आणि पुण्याचा रुमालही सांगून टाकला.

त्यांनी चटणीचा कागद माझ्यापुढे सरकवला. "हसायला भ्यायचं कशापायी? वडा खावा, गार हुतोय."

पुढच्या शनिवारी मी सगळं लिहिलं. दोन्ही वेळा हसलो हे, आणि दीड स्टार कुणाच्या धाकानं दिला तेही. आता आपलं कोण ऐकणार, असं वाटत होतं. सकाळीच साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला.

"लय चांगलं लिव्हलंय, पावणं. पर आमची पंचाईत झाली की! आता तुमी खरं लिव्हायला लागल्यावर आमी पिक्चर निवडायचा कसा?"

"जिथं हसलो, तिथं हसलो असं लिहीन. त्यावरनं ठरवा."

मागून मेहुण्याचा आवाज आला, "आन झोपलासा तर तेबी लिव्हा, दाजी!"