शिफ्ट नसलेल्यांचे डबे

डब्यांना छापील लेबलं लावायची कल्पना माझी होती. बायकोनं ती मागितली नव्हती. पिंपळे गुरवच्या आमच्या घरातून ती गेली काही वर्षं डबे देते आहे आणि झाकणावर मार्करनं नाव लिहायची तिची पद्धत कधी चुकल्याचं मला आठवत नाही. पण मी कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि पहाटे ती कणीक मळत असताना अंथरुणात पडून राहणं मला जड जायला लागलं. कांदा चिरायला घेतला तर म्हणायची, "राहू द्या, तुमच्या फोडी म्हणजे पेपरवेट." मला कुठेतरी उपयोगी पडायचं होतं, इतकंच.

अशात चाकणच्या एका कारखान्याकडून विचारणा आली. त्यांचं कँटीन बंद पडलं होतं. तिथल्या सुपरवायझरनं फोनवर सांगितलं, "वहिनी, आठवडाभर ट्रायल. जमलं तर पुढे कायम तुमचेच डबे. फक्त डब्यावर नाव आणि शिफ्ट स्वच्छ पाहिजे, गेटवर गोंधळ नको." एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळत होतं. फोन ठेवल्यापासून ती भांडी विसळताना मोठ्यानं बोलत होती. एक गाळा भाड्यानं घ्यायचा, मोठी शेगडी घ्यायची, शेजारच्या दोघींना हाताखाली घ्यायचं. हा आठवडा नीट गेला तरच हे सगळं होणार होतं.

आणि मी त्यात माझी बॅच फाइल घुसवली.

बॅच फाइल म्हणजे संगणकाला एकाखाली एक लिहून दिलेली कामं. कंपनीच्या स्टोअरमध्ये असताना मी ती स्वतःच शिकलो होतो. घरचा जुना संगणक पुसला, एक लेबल प्रिंटर जोडला आणि फाइल लिहिली. ती चालू केली की काळी खिडकी उघडायची आणि विचारायची : नाव? शिफ्ट? बायकोनं एक लिहिलं तर लेबलावर ‘फर्स्ट’ छापायचं. नाहीतर, दोन लिहिलं असेल तर ‘सेकंड’. नाहीतर ‘थर्ड’. मला ते फार देखणं वाटलं. मी तिला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे. सरका, आमटी उतू जाईल."

पहिल्या दिवशी सकाळी ती लेबलं छापायला बसली. बरीच निघाली. मग तिचा आवाज आला, "अहो, ती काळी खिडकी पळाली!"

"काय दाबलंस?"

"काही नाही. नुसतं एंटर."

"काहीतरी चुकीचं दाबलं असशील."

हे वाक्य आठवलं की अजून माझे कान गरम होतात. तिनं वाद घातला नाही. राहिलेल्या डब्यांवर मार्करनं नावं लिहिली आणि दुपारचा टेम्पो वेळेवर गेला. पहिला दिवस तिच्या हस्ताक्षरावर निभावला.

टेम्पो गेल्यावर मी शोधायला बसलो. फाइलवर दोनदा टिचकी मारून ती उघडली की बिघाड होताच खिडकी मिटते आणि काय झालं ते कळत नाही. म्हणून आधी काळी खिडकी उघडली आणि तिच्या आतून फाइल चालवली. बायकोला म्हटलं, सकाळी केलंस तसंच कर. तिनं एक नाव लिहिलं, शिफ्टपाशी नुसतं एंटर दाबलं, आणि संगणकानं इंग्रजीत कळवलं की या वेळी कंस अपेक्षित नव्हता.

"मग कुठल्या वेळी अपेक्षित होता?" तिनं विचारलं.

"अगं, पण तू शिफ्ट का नाही लिहिलीस?"

"या माणसाला शिफ्टच नाही. सुपरवायझर म्हणाले, यांना शिफ्ट नाही, हे जनरलला आहेत."

बरोबरच होतं तिचं. आपल्याकडे सगळे असंच बोलतात. सकाळी नऊला जाऊन संध्याकाळी सुटणारा माणूस म्हणतो, मला शिफ्ट नाही, मी जनरलला. शिफ्ट फक्त पाळ्या बदलणाऱ्याला. तिनं ऐकलं तसं केलं होतं, जागा रिकामी ठेवली होती.

आता माझी अट अशी होती : ‘शिफ्ट बरोबर एक असेल तर’. शिफ्टच्या जागी काहीच आलं नाही की नुसतं ‘बरोबर एक असेल तर’ उरायचं. काय बरोबर एक? वाक्याचं डोकंच उडालं, म्हणून अटीपुढच्या, छापायचा हुकूम ठेवलेल्या कंसाशी संगणक अडखळला. उपाय सोपा होता. अटीच्या दोन्ही बाजू अवतरणचिन्हांत घालायच्या. मग आत काही नसलं तरी चिन्हं तरी जागेवर राहतात.

"म्हणजे भाजी नसली तरी डबा ठेवायचा," ती म्हणाली.

"अगदी तसंच!" मी चिन्हं घातली, फाइल चालवली. खिडकी पळाली नाही. प्रिंटरमधून लेबल बाहेर आलं. त्याच्या आवाजानंच मी इतका खूश झालो की लेबलावर काय छापलंय ते वाचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सगळी लेबलं अडल्याशिवाय निघाली. डबे वेगळे करायचं काम मी अंगावर घेतलं होतं. फर्स्टचे दुपारच्या टेम्पोत, सेकंड आणि थर्डचे संध्याकाळच्या ढिगात. टेम्पो गेला, आणि जेवणाच्या वेळेला सुपरवायझरचा फोन आला.

"वहिनी, फर्स्टवाले जेवायला बसले. आमचे जनरलवाले नुसते बघतायत."

मी संध्याकाळच्या ढिगाकडे पाहिलं. जनरलच्या एकेका डब्यावर सुबक अक्षरांत ‘थर्ड’ छापलं होतं. एक नाही, दोन नाही, म्हणजे तिसरी, असं मीच तर लिहून ठेवलं होतं.

"माझं चुकलं, भाऊ," बायको फोनवर म्हणत होती. "लगेच पाठवते."

तिनं माझं नाव घेतलं नाही. हेच मला सगळ्यात जास्त लागलं.

डबे दोन पिशव्यांत भरले, स्कूटरला अडकवले आणि निघालो. मोशीच्या पुढे गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. प्रत्येक सिग्नलला मी मनात तिचा गाळा, शेगडी आणि त्या दोघी शेजारणी परत करत होतो.

गेटवर सुपरवायझर आणि सात-आठजण उभे होते. मी हेल्मेटही न काढता म्हणालो, "साहेब, हिची काही चूक नाही. चूक माझी. मी ‘नाहीतर’च्या पुढे थर्ड लिहिलं."

सुपरवायझर बघतच राहिला. "काय लिहिलं?"

मग मी सगळं सांगितलं. एक, दोन, नाहीतर तीन. जनरलवाल्यांतला एक उंचापुरा माणूस डबा घेताना म्हणाला, "म्हंजी काका, जो काहीच बोलंना त्यो रातपाळीचा?"

"तसंच झालं खरं."

"बघा राव, आपण जनरलला हाय म्हणून मिरवतो. काकांच्या कॉम्प्युटरनं नाईटला टाकलं!"

"ओव्हरटाइम तरी लावा मग," दुसरा म्हणाला आणि गेटवर हशा झाला. सुपरवायझरही हसला, पण जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "आज हसले. उद्या हसणार नाहीत. वहिनींचं काम चांगलं आहे, ते घालवू नका."

परत येताना मला कळलं की ही नुसती टायपिंगची चूक नव्हती. मी सगळी नोकरी पाळ्यांमध्ये काढली. जनरल म्हणजे ऑफिसातली माणसं, त्यांचं आपल्याला काय, असं आम्ही म्हणायचो. म्हणून अट लिहिताना ती माणसं माझ्या डोक्यात आलीच नाहीत.

घरी आल्यावर बायकोला म्हटलं, "मार्करनंच लिही उद्यापासून. माझं काढून टाकतो."

"काढून कशाला टाकता?" ती स्टूल ओढून शेजारी बसली. "मला लेबलं आवडली. रिकामं ठेवलं तर जनरल, असं लिहा ना त्यात."

ते मी सगळ्यात वर लिहिलं. काही नसेल तर ‘जनरल’. मग एक, दोन, तीन, प्रत्येकाला आपापली अट. "आणि मी चुकून सात दाबलं तर?" तिनं विचारलं. मग शेवटच्या ‘नाहीतर’पुढे लिहिलं : काही छापू नकोस, पुन्हा विचार. ती मुद्दाम सात दाबत राहिली, आठ दाबलं, स्वतःचं नाव लिहिलं. दर वेळी खिडकीनं निमूटपणे पुन्हा शिफ्ट विचारली. "बघा, तुमच्यापेक्षा शहाणी आहे," ती म्हणाली, "न चिडता परत विचारते." आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

नंतरचे दिवस डबे बरोबर गेले. डबे वेगळे करताना मी प्रत्येक लेबल मोठ्यानं वाचायचो. ती स्वयंपाकघरातून "हं" म्हणायची.

ट्रायलच्या शेवटच्या दुपारी फोन आला तेव्हा तिचे हात पिठात होते. मी फोन तिच्या कानाशी धरला.

"वहिनी, सोमवारपासून कायम. आणि जनरलवाले विचारतायत, काकांनी आम्हाला दिवसपाळीत परत घेतलं का?"

"घेतलं म्हणावं!" ती ओरडली.

मी फोन खाली ठेवला. ती पिठाच्या हातांनी माझे गाल धरून इतकी हसली की माझा चष्मा पांढरा झाला. मग म्हणाली, "पुसा तो आणि चला. गाळेवाला दुपारचाच भेटतो."