उजेडाने सरकलेला आकडा

मी एमएस्सीपर्यंत पोचलो तो माझ्या मोठ्या भावामुळे. सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावतलावात तो जाळं टाकायचा. स्वतः शाळा सोडून त्याने मला चंद्रपूरला कॉलेजात ठेवलं.

शेवटच्या वर्षी माझ्या प्रकल्पाला डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज वाहू न देणाऱ्या, पदार्थाची भाजलेली टिकली होती. दोन कडांना चांदीचा लेप दिला की ती कपॅसिटरसारखी वीज साठवायची, आणि उजेड पडला की ही साठवण बदलायची. रेडिओच्या सर्किटात ती बसवली, तर बटण न फिरवता नुसत्या उजेडाने स्टेशन लावता येईल, असं मी अहवालात लिहिलं.

"दिव्याची गरमी आहे ती," विभागप्रमुख म्हणाले. मी दिव्यापुढे पाण्याने भरलेली काचेची चपटी पेटी ठेवली. गरमी अडली, तरी दिवा लावताच मीटरवरचा आकडा सरकला, विझवताच परत आला.

"अहवालातलं ते उजेडाचं पान काढ. बाहेरचे परीक्षक हसतील."

"सर, तुम्ही एकदा बघा तरी."

"मासोळ्या पकडायच्या सोडून उजेड पकडून राह्यला हा!"

शेजारचे प्रयोगशाळा सहायक खिदळले, "याले एक गळ द्या, सर."

दोघांपैकी एकानेही मीटरकडे मान वळवली नाही. पान ठेवलं तर अहवालावर विभागप्रमुखांची सही नाही. सही नाही तर वर्ष गेलं.

आम्हा मासेमार धिवरांत जाळ्यात आलेलं पाण्यातच निवडत नाहीत. मासोळी, शिंपले, शेवाळ, सगळं काठावर चारचौघांसमोर ओततात. पाण्यातच हात घालून काही सोडून देणाऱ्याला पुन्हा जाळ्याला हात लावू देत नाहीत. आणि हे मला माझे आकडे गुपचूप सोडून द्यायला सांगत होते! मी अहवाल पानासकट त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो न उघडताच बाजूला सारला.

त्याच दुपारी मी घरी पत्र टाकलं:

"भाऊ, यंदा मी पास होत नाई. सर एक पान काढ म्हणत होते, मी नाई काढलं. काऊन काढू? मी डोळ्यानं पाह्यलं ते. तुले वाटन, पोरगा माजला. माह्यापायी तुले अजून एक हिवाळा थंड पाण्यात उतरा लागन, याचाच मले जास्त राग येते. मी पुन्हा परीक्षेले बसतो. पण तू इथी येऊन त्या माणसापुढं हात नको जोडू. वहिनीले नमस्कार."