नाजूक वाणाचा पिंजरा

मंगळवार, १७ जानेवारी १९८४. थंडी कडक. डॉक्टर अरुंधतींच्या उंदरांच्या अहवालाची सात पाने टाइप झाली. देवाजी आला, चहा घेतला नाही.

दुपारची नोंद एवढीच. बाकीचे तेव्हा लिहवले नाही.

देवाजी मेश्राम माझा भाडेकरू. अरुंधतींच्याच प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळायचा. उंदराला शेपटीने कधी उचलायचा नाही, ओंजळीत घ्यायचा. त्या दिवशी म्हणाला, "बाई, माह्या उंदरांचं काय लिवलं, सांगा ना."

मी मराठीत सांगितले. उंदीर दोन वाणांचे. दोघांनाही सिगारेटचा धूर दिला. आतड्यातले जंतू दोघांचेही बदलले. पण ज्यांना नाजूक आतडे आईबापांकडूनच आले होते, त्यांचे फार बिघडले. आतडी सुजली, रक्त पडू लागले.

त्याचा हात खिशातल्या सिगारेटच्या पाकिटावर गेला आणि तिथेच राहिला. त्याचा बाप आणि थोरला भाऊ शौचातून रक्त जाऊनच वारले होते.

"मी कोन्त्या पिंजऱ्यातला, बाई?"

"उंदरावरून माणसाचे ठरत नाही. तुला काही होते का?"

तो भिंतीकडे पाहत म्हणाला, "दिवाळीपासून रक्त पडून राहिलं."

 मग तो एकदम ताठ झाला आणि सांगू लागला. पिंजरा धुतला की जुन्या भुशाची एक मूठ तो नव्या भुशात टाकायचा, उंदरांना आपला वास मिळावा म्हणून. एकदा धडधाकटांच्या भुशाची मूठ चुकून नाजुकांच्या पिंजऱ्यात पडली होती. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात. जंतू मिसळले असणार.

"म्हणजे हे सारं खोटंच निंगते! नौकरी गेली तं गेली, म्याडमले सांगतो."

आम्ही तसेच अरुंधतींकडे गेलो. त्यांनी प्रयोगाची वही काढली.

"मूठ कधी टाकली, देवाजी?"

"संक्रांतीच्या आदल्या दिवशी."

"नमुने तर नाताळाआधीच घेतले होते."

"म्हणजे हे सारं खरंच निंगलं," देवाजी म्हणाला. मग मीच त्याच्या रक्ताचे सांगितले. त्या रागावल्या नाहीत, याचीच मला भीती वाटली.

"उद्या आठ वाजता इस्पितळात या. उपाशीपोटी. दुर्बिणीने आतडे पाहू."

"उंदराले तं कोनी इचारलं नोतं, म्याडम."

"तुम्हाला विचारतेय. याल?"

"येतो."

परतताना त्याने सिगारेट काढली. काडी तीनदा विझली. चौथी काडी त्याने ओढलीच नाही.

संध्याकाळी वहीत लिहिले: देवाजीसाठी मऊ भात टाकला. रॉकेल उद्यापुरतेच आहे.