काटेअक्का

सत्यनारायणाच्या प्रसादाचे वजन करणारी भक्त मी आयुष्यात एकच पाहिली. आता मारतहळ्ळीला राहायला गेलेल्या या अक्का तेव्हा राजाजीनगरात आमच्या वरच्या मजल्यावर असत. पिशवीतून छोटा वजनकाटा काढून त्यावर शिऱ्याची मूद ठेवीत आणि मगच ती लेकीच्या हाती देत. गल्लीने त्यांचे नावच ‘काटेअक्का’ ठेवले. लेक वैदेही दहा वर्षांची. तिला लहानपणापासून मधुमेह, आणि खाण्याच्या मापाने इन्सुलिन टोचावे लागे.

“अण्णा, यात साखर किती?” पहिल्याच पूजेला त्यांनी मला विचारले.

“सव्वा.”

“सव्वा काय?”

पन्नास वर्षांच्या पौरोहित्यात हा प्रश्न मला कुणी केला नव्हता. आत जाऊन पत्नीला विचारून आलो. “वाटी,” म्हणालो.

“कोणती वाटी?”

एकदा सकाळी वरून त्यांचा आवाज आला, “डावी मांडी, उजवा दंड, पोट…” मला वाटले, अंगन्यास चालला आहे. एकेका अवयवाला स्पर्श करून मंत्र म्हणण्याची केवढी ही निष्ठा! मी तसे बोलून दाखवताच वैदेही हसून जमिनीवर लोळली. सुई रोज एकाच जागी टोचायची नसते, म्हणून ती जागांची उजळणी होती. त्या दिवसापासून सुईपूर्वी ती हात जोडून म्हणे, “वाममांड्यै नमः!” अगं, मांडी हा शब्द संस्कृत नव्हे, ‘वामोरवे’ म्हण, असे मी कळवळून सांगितले. चतुर्थी विभक्ती तिला अशी सुईबरोबर टोचली गेली.

सुई मात्र आईच्याच हातची. मग शाळेची आनेकलकडे दोन दिवसांची सहल निघाली. बाई सोबत राहतील, पण टोचून घ्यायचे तिचे तिनेच, असे ठरले. वैदेही चटकन शिकली, अक्काच शिकेनात. लेकीने इन्सुलिनचे पेन उचलले की यांचा हात आपोआप पुढे.

“आई, हात मागे! स्वल्प लांब उभी राहा!”

अखेर मी अक्कांच्या एका हाती घंटा, दुसऱ्या हाती निरांजन दिले आणि आरती सुरू केली. आरती संपेपर्यंत वैदेही टोचून मोकळी.

सहलीच्या पहिल्या दिवशी अक्का आमच्या देवघरात फोन मांडीवर घेऊन बसल्या. चहा नाही, पाणी नाही. दुपारी फोन वाजला.

“आई, तपासलं, मोजलं, टोचलं. आता जेवते. तू जेवलीस का?”

“हो गं, केव्हाच!” देवांच्या आणि माझ्या समक्ष अक्का धडधडीत खोटे बोलल्या.

देवांनी ते ऐकले की नाही, ठाऊक नाही. मी आत पान वाढायला सांगितले.