व्हर्जिनीच्या दारातले तिघं

व्हर्जिनी परांतोच्या दारात एकाच गाडीतून तिघं उतरले, तेव्हा शेजारी मी माझ्या पायऱ्यांवरचा बर्फ ओढत होते. एक पोलीस, एक नर्स आणि खांद्याला पिशवी अडकवलेली एक बाई. व्हर्जिनीच्या स्वयंपाकघराचा पडदा बोटभर सरकला आणि तसाच राहिला.

ती लहान असताना असेच तिघं आले होते. पोलीस, नर्स, पिशवीवाली बाई. तिच्या आईला म्हणाले, नुसतं तपासायला आलोय. जाताना तिचा भाऊ आर्मां त्यांच्या गाडीत होता. सरकार आमच्या मुलांना घरातून उचलून जिथं डांबायचं, त्या निवासी शाळेतून तो परत आलाच नाही. इतक्या वर्षांच्या शेजारात हे तिनं मला एकदाच सांगितलं, मासे साफ करता करता, वर न बघता. पुढे तिनं इस्पितळाच्या धोबीखान्यात नोकरी केली, नवरा गेल्यावर एकटीनं मुली वाढवल्या. पण दारात सरकारी माणूस दिसला की मुलींना मागच्या दारानं माझ्याकडे पाठवायची. जनगणनेवाल्यालासुद्धा तिनं पायरीवरूनच परतवून लावलं होतं.

त्या हिवाळ्यात तिच्या बहिणीचा मुलगा रेमी तिच्याकडे राहायला आला. चाळिशीचा, गोड बोलणारा, नशेच्या गोळ्यांच्या नादी लागलेला. मागोमाग त्याचे मित्र आले, मग मित्रांचे मित्र. पुढच्या खोलीच्या खिडकीला ब्लँकेट लागलं. व्हर्जिनी चर्चला येईनाशी झाली. मी सूप घेऊन गेले तर एका अनोळखी माणसानं दार उघडलं. "म्हातारी झोपलीय," म्हणाला. भर दुपारी.

आमच्या गावात दर आठवड्याला वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक बैठक बसते. पोलीस, दवाखाना, घरकुलवाले, व्यसनमुक्तीवाले, आमच्या मेटी समाजाच्या, म्हणजे आदिवासी आणि फ्रेंच अशा मिश्र वंशाच्या लोकांच्या, संघटनेची माणसं. एकट्यादुकट्या खात्याला आवरणार नाही असं कुणाचं दुखणं असलं की आधी नाव न घेता बोलतात. जिवावर बेतेल असं सगळ्यांना पटलं तरच नाव निघतं, आणि ज्यांचं काम असेल तेवढे लगेच दार ठोठावायला जातात. निम्म्या गावाला हे भलं वाटतं, निम्म्याला चुगल्यांचा अड्डा. व्हर्जिनी चुगल्या म्हणणाऱ्यांतली.

"कोण मेलं?" तिनं त्या दिवशी दाराच्या फटीतून विचारलं.

"कुणी नाही, कोकुम," नर्स म्हणाली. नोएला तिचं नाव. कोकुम म्हणजे आमच्या बोलीत आजी; ती सगळ्याच म्हाताऱ्यांना तसं म्हणते. "तुम्ही कशा आहात ते बघायला आलोय."

"बघितलंत ना? जा मग."

"जरा आत येऊ?"

"एकटीनं ये. ते दोघं तिथंच थांबतील. गाडीत बसायचं नाही, मला दिसायला हवेत."

थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठेल अशी थंडी होती. पोलीस एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होता. मी चहा घेऊन गेले, तर पिशवीवाली पुटपुटली, "नको बाई, त्यांना वाटेल तुम्ही आमच्यातल्या." आणि खरंच, पडदा माझ्या दिशेनं हलला.

आत काय झालं ते व्हर्जिनीनंच मला खूप नंतर सांगितलं. तिनं पहिला प्रश्न केला, "कुणी सांगितलं? त्या लिडानं ना?" लिडा म्हणजे मी.

"तुम्हीच सांगितलंत, कोकुम. पाय तपासायला आलात तेव्हा. म्हणालात, हल्ली मी बूट घालूनच झोपते."

"ते मी पायांबद्दल बोलले!"

"मी पळायच्या तयारीबद्दल ऐकलं."

व्हर्जिनीनं बूट घातलेले पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मग म्हणाली, "आता रेमीला तुरुंगात टाकाल. मला म्हाताऱ्यांच्या घरात."

"घर तुमचंच राहील. आणि बाहेर जी बाई कुडकुडतेय ती रेमीसाठीच आलीय. व्यसनमुक्तीची."

"पिशवीत काय आहे तिच्या?"

बाईला आत बोलावून पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली. लोकरी मोजे, अर्धं सँडविच, गोळ्यांनी श्वास थांबला तर नाकात मारायचा फवारा. व्हर्जिनीनं मोज्यांत हात घालून पाहिलं, सँडविच उघडून पाहिलं.

"इतका वेळ थंडीत उभे राहिलात," ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला काहीतरी मोठं हवंय." तरी तिनं पोलिसाला आत घेतलं, बूट काढायला लावून. मोज्याला भोक होतं त्याच्या. तशाच पायांनी तो पुढच्या खोलीत गेला आणि तिथल्या मंडळींना म्हणाला, "ही बाई तुम्हाला जा म्हणतेय." मागून व्हर्जिनी ओरडली, "हो, म्हणतेय!" ते गेले. संध्याकाळच्या आत घरकुलवाल्यांनी कुलूप बदललं.

रेमी काही लगेच सुधारला नाही. केंद्रात गेला, पळून आला, मावशीनं दार उघडलं नाही म्हणून परत गेला. माझ्याशी व्हर्जिनी वसंत संपेपर्यंत बोलली नाही. "नर्स तुला वाचवायला खोटं बोलली असेल," एवढंच काय ते तिनं कुंपणावरून मला तोंडावर सांगितलं. एके दिवशी आपणहून साखर मागायला आली, तेव्हाही आधी माझ्या घरात कुणी बसलंय का ते पाहून घेतलं.

रेमीचा फोन आता रविवारी येतो. ती उचलते, पण आधी बोलत नाही. तो "मावशी, मावशी" करत असतो आणि ती कान देऊन त्याची जीभ जड झालीय का ते ऐकत असते. शुद्धीत आहे याची खात्री पटली की विचारते, "जेवलास का?" नाही पटली तर रिसीव्हर टेबलावर ठेवते. खाली आपटत नाही, टेबलावर ठेवते, आणि तो बोलायचा थांबेपर्यंत शेजारी बसून राहते.